चित्राखालचे नाव

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. ते सांगावे लागते. आज मी तुम्हाला एक चित्र सांगणार आहे आणि ते सांगताना माणसाच्या कुठे चुका होतात, यंत्राच्या कुठे होतात, याचाही थोडा हिशेब मांडणार आहे. निमित्त घडले ते एका फोनमुळे.

मी लातूरला पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास शिकवला. माझा एक जुना विद्यार्थी आता नांदेडला बँकेत नोकरीला आहे. त्याची दृष्टी लहानपणीच गेली. पण गडी मोठा हुशार. वर्गात धडा एकदा ऐकला की त्याला तो पाठ. आजकाल तो मोबाइलवर सगळे काम करतो. फोन त्याला अक्षरे वाचून दाखवतो आणि आताशा समोर धरलेल्या चित्राचे वर्णनही करून सांगतो. मागे एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता.

"सर, माझ्यामुळं पोरीचं चुकलं बघा," तो म्हणाला.

मुलगी चौथीत. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मुले चौथीत छत्रपती शिवाजी महाराजांचा इतिहास वाचत मोठी झाली. तिला वहीत एक जुने चित्र चिकटवून त्याखाली पाच ओळी लिहायच्या होत्या. कुणीतरी दिलेली एका जुन्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स तिच्याजवळ होती. झेरॉक्स काढताना खालचे नाव कापले गेलेले. पोर म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगा." बापाने हौसेने चित्रापुढे फोन धरला. फोनने सांगितले, हे एका मुघल बादशहाचे चित्र आहे. मुलीने तेच लिहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर लाल शाईने काट मारली आणि वर्गात मुले हसली.

"मग मी पुन्हा विचारलं सर, तर म्हणतंय की हे शीख गुरू आहेत. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणतंय, तांबडा अंगरखा घातलेला इराणी सरदार. हा फोन तर दर वेळी निराळंच सांगायलाय. मला दिसत नाही म्हणून मी ह्याच्यावर भरवसा ठेवला. आता तुम्हीच सांगा, चित्रात हाय तरी कोण?"

त्याने चित्र माझ्याकडे पाठवले. पाहताक्षणी ओळखले. ते महाराजांचेच चित्र होते. साधेसुधे नव्हे, ज्याला मोठा इतिहास आहे असे.

हॉलंडमध्ये फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन नावाचा एक धर्मोपदेशक होऊन गेला. त्याचा जन्म १६६६ चा. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तो पूर्वेकडे गेला आणि त्याची बरीच वर्षे आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर गेली. मायदेशी परतल्यावर त्याने पूर्वेकडील देशांची माहिती देणारा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. तो १७२४ ते १७२६ या काळात डॉर्ड्रेख्ट आणि अॅमस्टरडॅम येथे पाच खंडांत छापून निघाला. त्यात नकाशे आहेत, शहरांची दृश्ये आहेत आणि हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांची चित्रेही आहेत. महाराजांचे हे चित्र त्यांपैकीच. त्या काळचे युरोपीय लोक महाराजांचे नाव 'सेवाजी' अशा धाटणीने लिहीत.

हे चित्र मराठी माणसापुढे आणले ते इतिहाससंशोधक वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी, १९३३ मध्ये. बेंद्रे म्हणजे पुढे १९६० मध्ये ज्यांनी संभाजी महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले, तेच. त्यांच्या या शोधाआधी महाराजांचे म्हणून जे एक चित्र फिरत होते, ते मुळात महाराजांचे नव्हतेच. मनुची नावाच्या व्हेनिसच्या प्रवाशाचा मोगलांविषयीचा ग्रंथ आहे. मराठी वाचकांना तो 'असे होते मोगल' या नावाने माहीत आहे. त्या ग्रंथातल्या इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे ते चित्र. केवळ खालचे नाव बदलले आणि माणूस बदलला. पाहणारे त्यालाच हात जोडत राहिले.

म्हणजे बघा, मोबाइल नव्हता, संगणक नव्हता, तेव्हाही चित्राखाली चुकीचे नाव लागत होते. आणि एकदा का नाव छापले गेले, की ते दहा ठिकाणी उतरते. दहाचे शंभर होतात. शंभर ठिकाणी छापले आहे म्हणजे ते खरेच असणार, असे एकशे एकावा म्हणतो.

याच चित्राबाबत आणखी एक गोष्ट आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. महाराज १६६४ मध्ये सुरतेवर गेले तेव्हा तिथला डच गव्हर्नर व्हॅलेंटाइन त्यांना भेटला आणि त्याने हे चित्र काढवून घेतले, अशी ती गोष्ट. ऐकायला बरी वाटते. पण ज्याचा जन्मच १६६६ चा, तो १६६४ मध्ये महाराजांना कसा भेटणार? व्हॅलेंटाइनने महाराजांना पाहिलेले नाही. महाराजांचे निधन झाले १६८० मध्ये, तेव्हा हा चौदा वर्षांचा पोरगा होता आणि हॉलंडात होता.

मग चित्र आले कुठून? याचे उत्तर आपल्या फार जवळ आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याला चित्रकारांची मोठी वस्ती होती. नांदेडहून हैदराबादची गाडी धरली की जिथे उतरतो, तिथलाच हा परिसर. हे चित्रकार दख्खनच्या आणि दिल्लीच्या सत्ताधीशांच्या छोट्या रंगीत चित्रांचे संच तयार करीत आणि युरोपीय व्यापारी ते विकत घेऊन मायदेशी नेत. महाराजांचे असे एक चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसरे अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, निकोलास विट्सेन या अॅमस्टरडॅमच्या नगराध्यक्षाच्या संग्रहातले. ही दोन्ही चित्रे साधारण १६८० ते १६८७ या काळातली मानतात. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि कुतुबशाही बुडाली. हॉलंडात छापलेल्या ग्रंथातील कोरीव चित्रामागे अशाच एखाद्या दख्खनी चित्राचा आधार असावा, असे मानायला जागा आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले महाराज भागानगरला अबुल हसन कुतुबशहाला भेटले होते. त्या वेळी तिथल्या एखाद्या चित्रकाराने त्यांना प्रत्यक्ष पाहिले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसा पुरावा हाती नाही, म्हणून मी 'शक्यता' एवढाच शब्द वापरतो. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला छापलेल्या चेहऱ्यामागे आपल्याच दख्खनमधल्या एका कारागिराची नजर असावी, हा विचार मला सुखावून जातो.

कोरीव चित्र म्हणजे काय, हेही सांगायला हवे, कारण यंत्राची अर्धी फसगत तिथेच आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. पोलादी कोरणीने त्यावर बारीक रेघा कोरायच्या. मग पत्र्याला शाई चोळायची आणि वरची शाई पुसून टाकायची. खाचांमध्ये तेवढी ती राहते. त्यावर ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढला, की खाचांतली शाई कागदावर उठते. यात रंग नाहीत, आहेत त्या फक्त रेघा. जिथे सावली दाखवायची तिथे रेघा दाट, उजेड दाखवायचा तिथे विरळ. मग अशा चित्रातला अंगरखा तांबडा की हिरवा, हे कसे सांगणार? पुढे कुणी हाताने रंग भरले असतील, तर ते रंग भरणाऱ्याच्या मनाचे. माझ्या विद्यार्थ्याच्या फोनने 'तांबडा अंगरखा' म्हटले, तो काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवरून. म्हणजे यंत्राने पाहिले नाही, कल्पिले.

दुसरी गोष्ट उजव्याडाव्याची. रबरी शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात, तेव्हा कागदावर ती सुलटी उठतात. तांब्याच्या पत्र्याचेही तसेच. मूळ चित्र समोर ठेवून कोरणाऱ्याने जसेच्या तसे कोरले, तर छापात ते आरशातल्यासारखे उलटे येते. उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाते, अंगरख्याचे बंद दुसऱ्या काखेत जातात. काही कारागीर आधीच उलटे कोरून हा दोष टाळीत, काही टाळीत नसत. त्यामुळे जुन्या कोरीव चित्रावरून अमुक राजा डावखुरा होता, असे म्हणणे धोक्याचे. यंत्र मात्र 'डाव्या हातात तलवार' असे ठासून सांगेल. छापात दिसते ते खरे, पण प्रत्यक्षात तसे होते की नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही.

यंत्र हे करते तरी कसे, तेही सोप्या शब्दांत बघू. संगणकाला कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर दाखवला जातो. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अशा एका प्रसिद्ध प्रणालीला ४० कोटी चित्रे त्यांच्या मजकुरासह दाखवली होती. कोणत्या आकारांबरोबर कोणते शब्द वारंवार येतात, हे यंत्र त्यातून शिकते. पगडी, दाढी, तलवार, जुने चित्र, एवढे जमले की त्याच्या साठ्यात 'मुघल' हा शब्द फार वेळा आलेला असतो. दख्खनची चित्रे आणि त्यांची नेमकी नावे त्या मानाने थोडी. म्हणून ते जे पुष्कळ आहे तिकडे झुकते. गर्दीतल्या माणसाने बहुतेकजण जिकडे बोट दाखवतात तिकडेच बोट दाखवावे, तसे हे आहे. आणि ज्या मजकुरावर ते शिकले, त्यातली नावेच चुकीची असतील, तर चूकही तेवढ्याच इमानदारीने शिकते.

माणसांचे चेहरे ओळखण्यातही यंत्राचा तोल सारखा नसतो. अमेरिकेतल्या दोन संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्ये तीन बड्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष एवढेच ओळखायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकाहूनही कमी. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र ती एका प्रणालीत शेकडा ३४.७ पर्यंत गेली. त्यानंतर सुधारणा झाल्या, आजही होत आहेत. पण ज्यांची चित्रे यंत्राने कमी पाहिली, त्यांच्याविषयी ते अधिक चुकते, हे त्यातून दिसले. आपण मराठवाड्यातली माणसे. आपले चेहरे, आपले फेटे, आपली नावे या साठ्यात किती असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आणि 'शीख गुरू' या उत्तराचे म्हणाल, तर दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक हसण्यावारी गेली असती. नांदेडमध्ये ती तशी जात नाही. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये याच गावात देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये, तिथे सचखंड हुजूर साहिबची आजची वास्तू उभी राहिली. देशोदेशीचे भाविक तिथे माथा टेकायला येतात. त्या गावातल्या एका बापाला फोन सांगतो, की हे गुरूंचे चित्र आहे. नाव देणे ही किती जबाबदारीची गोष्ट आहे, हे यंत्राच्या गावीही नाही. ज्यांना आपण पूजतो, त्यांची नावे अंदाजाने घ्यायची नसतात.

आता कुणी म्हणेल, माणसांची वर्णने तरी कुठे एकसारखी असतात? बरोबर आहे. महाराजांचेच उदाहरण घ्या. १६६४ च्या जानेवारीत सुरतेच्या इंग्रज वखारीत एस्कॅलियट नावाचा पाद्री होता. त्याने मायदेशी लिहिलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आहे. उंची बेताची, अंग सरळ आणि बांधेसूद, बोलताना हसल्यासारखा चेहरा, नजर तीक्ष्ण आणि वर्ण आपल्या लोकांहून उजळ, असा त्याचा आशय. फ्रेंच प्रवासी थेवनो १६६६ मध्ये सुरतेला आला. त्याच्या प्रवासवर्णनात महाराज ठेंगणे आणि सावळे आहेत, डोळे मात्र चपळ आणि बुद्धीची चमक दाखवणारे. एकजण उजळ म्हणतो, दुसरा सावळा. उंची आणि डोळे याबाबत दोघांचे जुळते.

पण एस्कॅलियटची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याने आपल्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे, की ज्यांनी शिवाजीला पाहिले त्यांच्या सांगण्यावरून मी हे लिहीत आहे. म्हणजे आपण स्वतः पाहिलेले नाही, हे त्याने लपवले नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षांनी आपण ते पत्र वाचतो, तेव्हा त्या एका कबुलीमुळे त्याच्या शब्दांना किती वजन द्यायचे, हे आपल्याला ठरवता येते. माझ्या विद्यार्थ्याच्या फोनने तीन उत्तरे दिली. एकदाही ते म्हणाले नाही, की मला नक्की ठाऊक नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला चुकीपेक्षा ही गोष्ट जास्त खटकते. चूक दुरुस्त करता येते. कुठून कळले याचा पत्ताच नसेल, तर दुरुस्ती कुठे करायची?

याचा अर्थ यंत्र टाकून द्या, असे मी म्हणत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या हाती हे केवढे मोठे साधन आले आहे, हे मी त्या मुलाच्या आयुष्यात पाहतो. बसची पाटी, औषधाची चिठ्ठी, घरात आलेले पत्र, सगळे त्याला फोन वाचून दाखवतो. पूर्वी त्याला दर वेळी कुणाची तरी वाट पाहावी लागे. म्हणूनच त्याने दिलेले वर्णन नीट असायला हवे. डोळस माणूस चित्राकडे पाहून यंत्राची चूक पकडेल. ज्याच्यासाठी हे वर्णन आहे, त्यालाच ती पकडता येत नाही.

मग नीट वर्णन कसे असावे? मी त्याला फोनवर जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो.

म्हटले, "हे बघ, चित्राचे वर्णन करताना तीन खण करायचे. पहिल्यात फक्त दिसते ते. दुसऱ्यात चित्राबरोबर लिहिलेले असते ते. तिसऱ्यात जाणकारांनी शोधून काढलेले, आणि ते कुणी, केव्हा शोधले तेही. एका खणातले दुसऱ्यात मिसळायचे नाही."

"बरं सर. मग पहिल्या खणात काय टाकू?"

"पहिल्या खणात एवढेच. शाईच्या रेघांनी छापलेले चित्र आहे, रंग नाहीत. एक पुरुष आहे, चेहरा किंचित बाजूला वळलेला. नाक धारदार, दाढी टोकदार. डोक्यावर पागोटे आहे. आपण हल्लीच्या चित्रांत पाहतो तो जिरेटोप नाही."

"आन् दुसऱ्या खणात?"

"तुझ्या कागदावर तो खण रिकामा आहे. नाव कापले गेले ना! रिकामा असेल तर रिकामाच ठेवायचा. तिसऱ्या खणात लिही, की हे चित्र अठराव्या शतकात हॉलंडमध्ये छापलेल्या व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातले असून, ते शिवाजी महाराजांचे असल्याचे वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये मराठी वाचकांपुढे आणले."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मला आत्ता पहिल्यांदा चित्र दिसल्यासारखं झालं." त्यावर माझ्याच्याने काही बोलवले नाही. फोनमधून मुलीचा आवाज येत होता. ती बापाला विचारत होती, पागोटे म्हणजे फेटाच का? मी म्हटले, हा प्रश्न वहीत लिही आणि बाईंना विचार. चांगला प्रश्न आहे.

जाता जाता एक सांगतो. लातूर-नांदेडकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर किंवा पेटीत जुने फोटो आहेत. निजामाच्या राजवटीत हैदराबादच्या स्टुडिओत काढलेले, १९४८ च्या आधीचे, मुक्तिसंग्रामात उतरलेल्या माणसांचे. शेरवानी घातलेले आजोबा, नऊवारीतली पणजी, शेजारी उभा असलेला कुणी दोस्त. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती नावे ठाऊक आहेत. उद्या नसतील. परवा कुणी नातू तो फोटो यंत्रापुढे धरील, तेव्हा यंत्र सांगेल, 'जुन्या काळातला एक भारतीय पुरुष'. किंवा एखादे भलतेच नाव सांगेल, तेही ठामपणे. तोवर खरे सांगणारे कुणी उरलेले नसेल.

तेव्हा एवढे करा. येत्या रविवारी ते फोटो खाली काढा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, कोण, कुठले, कोणत्या साली, आणि हे कुणी सांगितले. जिथे आठवत नाही, तिथे 'आठवत नाही' असेच लिहा.